हक्क आणि कब्जा : मुक्त आज्ञावलीच्या मालकीचा इतिहास

महसुली कामकाजात उभे आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात दोन शब्द कायमचे घर करून बसतात : हक्क आणि कब्जा. मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता १९५९ साली आली आणि त्याआधी निरनिराळ्या संस्थानांत व प्रांतांत चालत आलेले धारणाधिकाराचे नाना प्रकार ‘भूमिस्वामी’ या एका संज्ञेत सामावले गेले. भूमिस्वामी म्हणून खसऱ्यात नाव चढले म्हणजे हक्काची नोंद झाली. परंतु खसऱ्यात नाव एकाचे आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, अशी प्रकरणे तहसील कचेरीला नवी नव्हती. हक्काचा कागद पेटीत जपून ठेवलेला असे; धान्य मात्र दुसऱ्याच्या कोठारात जाई.

संगणकाच्या जगात गेल्या चाळीस वर्षांत असेच एक प्रकरण घडून आले आहे. त्याची फारशी वाच्यता झाली नाही, कारण कागद सगळे जागेवर आहेत. मुक्त आज्ञावलीचा हक्क जसा होता तसाच, किंबहुना अधिक काटेकोर शब्दांत, आजही आपल्या नावे आहे. तिचा कब्जा मात्र हळूहळू आपल्या घरातून उठून तारेच्या दुसऱ्या टोकाला गेला. हे कसे घडले, त्यात आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा आणि आपल्या भोपाळचा भाग कोणता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम हक्काचा विचार करू. बाजारातून विकत घेतलेली आज्ञावली आपण ‘घेतली’ असे म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने आपण घेतो ती वापरण्याची परवानगी. तिची प्रत शेजाऱ्याला द्यायची नाही, ती आतून कशी चालते हे उघडून पाहायचे नाही, अशा अटींवर ही परवानगी मिळते. या व्यवस्थेला अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी आव्हान दिले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. आज्ञावली चालवावी, तिची मूळ संहिता अभ्यासून ती बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात आणि सुधारलेल्या प्रतीही वाटाव्यात, ही स्वातंत्र्ये प्रत्येकाला असली पाहिजेत असा त्यांचा आग्रह. येथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. ‘ईमॅक्स’ ही आपली आज्ञावली स्टॉलमन स्वतः चुंबकीय फितीवर उतरवून १५० डॉलरना विकत. ज्याच्या घरी ती फीत पोहोचली, त्याच्याकडे हक्क आणि कब्जा दोन्ही एकाच टपालाने पोहोचत.

या स्वातंत्र्यांना कायद्याचे रूप देणारा सार्वजनिक परवाना १९८९ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९९१ साली. या दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम महसुली नजरेने वाचण्यासारखे आहे. आज्ञावली देणाऱ्याने मूळ संहिता सोबत द्यावी. ती न दिल्यास किमान तीन वर्षे लागू राहील असे लेखी वचन द्यावे, की मागणी करणाऱ्या कोणालाही ती केवळ वाहतुकीच्या खर्चात, प्रचलित साधनावर उतरवून पाठवली जाईल. ‘साधन’ म्हणजे फीत, फ्लॉपी किंवा तबकडी. जेथून आज्ञावली उतरवून घेता येते तेथूनच संहिताही घेऊ देण्याची सोय कलमात होती. तरी त्याचा मुख्य भर वस्तू हातात देण्यावर होता. हातात देणे हे हक्क बजावण्याचेच अंग मानले गेले होते.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. कार्यप्रणाली म्हणजे संगणक सुरू होताच त्याचा सर्व कारभार हाती घेणारी मूळ आज्ञावली. लिनक्सचा गाभा आणि ग्नूची साधने एकत्र आली आणि संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली प्रथमच सामान्यांच्या आवाक्यात आली. लिनक्स हे आंतरजालाचेच अपत्य होय, हे येथे मान्य केले पाहिजे. देशोदेशीच्या लोकांनी एकमेकांना न भेटता ती घडवली, ती तारेच्या आधारानेच. पण घडवण्यासाठी लागणारे जाळे वापरण्यासाठी मात्र लागत नसे. १९९३ मध्ये सुरू झालेले स्लॅकवेअर आणि डेबियन हे संच फ्लॉप्यांवरून आणि पुढे सीडींवरून घरोघर गेले.

भारतात तर दुसरा मार्गच नव्हता. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तीही प्रथम मोजक्या महानगरांत. वर्षाचे शुल्क हजारांच्या घरात होते आणि त्यात मिळत २५० तास. एक साधा हिशेब करून पाहावा. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावते. २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवरून ती उतरवायला, फोन एकदाही तुटला नाही असे गृहीत धरले तरी, पन्नास तास लागतात. म्हणजे वर्षभराच्या सगळ्या तासांत पाच सीडी. दूरध्वनीचे देयक वेगळेच. जी सीडी पुणे-मुंबईहून पाकिटात घालून दोन दिवसांत येई, तिच्यासाठी एवढा खटाटोप कोणी करावा?

ही अडचण ओळखून तिच्यावर उपाय काढणाऱ्यांत एक मराठी नाव आवर्जून घेतले पाहिजे, ते अतुल चिटणीस यांचे. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि बंगळूरला स्थायिक झालेले चिटणीस ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाशी निगडित होते. १९९६ साली या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास सुरुवात केली आणि हा परिपाठ पुढील दशकातही चालू ठेवला. मासिकाच्या किमतीत एक संपूर्ण कार्यप्रणाली, तीही कायदेशीरपणे मित्राला देता येईल अशी, हे त्या काळी अपूर्वच होते. पुढे २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ हे संमेलन उभे करण्यातही चिटणीस अग्रभागी होते. २०१३ साली, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते निवर्तले. भारतातील एका पिढीच्या हाती लिनक्स आले ते बहुतांशी अशा सीडींमधून. त्या पिढीच्या लेखी मासिकांचे दुकान हेच आंतरजाल होते.

आमच्या अरेरा कॉलनीच्या भागातही हेच चित्र होते. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेऊन परतताना मासिकांच्या दुकानाशी थांबावे, सीडी असलेला अंक आला का विचारावे, असा तरुणांचा क्रम असे. एका घरी आलेली सीडी दहा घरे फिरून, ओरखडे घेऊन परत येई. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ काढले; त्याची सीडी संगणकात घातली की काहीही स्थापित न करता सगळी प्रणाली तेथूनच चाले. दोन गिगाबाइटच्या आसपासचा ऐवज दाबून एका सीडीत बसवलेला असे. त्याच सुमारास देवनागरी छपाईसाठी विकत मिळणाऱ्या आज्ञावलींसोबत एक ‘लॉक’ येई. संगणकाच्या पाठीमागे तो खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. लॉक हरवला की पैसे मोजून घेतलेली मराठी बंद. तेथे वस्तू घरात होती, पण किल्ली दुसऱ्याची होती. मुक्त आज्ञावलीच्या सीडीला असा लॉक नव्हता.

या सीडींवर भारतीय भाषा आणण्याचे काम आपल्या भोपाळशी जोडलेले आहे. मध्य प्रदेशच्या विद्युत मंडळात अभियंता असलेले रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी जग ‘रवि रतलामी’ या लेखननामाने ओळखते, ते रतलामहून भोपाळला आले. लिनक्सच्या हिंदी रूपासाठी त्यांनी हजारो वाक्यांचे भाषांतर केले. ‘इंडलिनक्स’ या चळवळीतून उभे राहिलेले हे काम स्वयंसेवकांचे होते. मराठीच्या बाजूने पुण्यात बरेच काम झाले. मुक्त परवान्याखाली आलेल्या ‘लोहित’ टंकांमुळे मराठी अक्षरे लिनक्सच्या पडद्यावर स्वच्छ दिसू लागली. शासनानेही २००५ साली तमिळ आणि पाठोपाठ हिंदी भाषेसाठी टंक व अन्य साधनांच्या सीडी फुकट वाटण्याचा उपक्रम केला. २००७ मध्ये ‘प्रगत संगणन विकास केंद्रा’च्या, म्हणजे सी-डॅकच्या, चेन्नई शाखेतून डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली आली. अशा रीतीने स्वभाषेतील संगणक या देशातील अनेक घरांत शिरला तो तबकडीच्या रूपाने.

या काळाचा कळस म्हणून डेबियनची जून २००५ मधील आवृत्ती सांगता येईल. पंधरा हजारांहून अधिक आज्ञावली-संच १४ सीडींवर मावले होते. या चौदा तबकड्या ज्याच्या कपाटात, त्याच्याकडे पत्रलेखनापासून मुद्रणापर्यंत आणि गणितापासून संगीतापर्यंत सारे भांडार हजर. नवे काही हवे असेल तर संगणक सांगे, ‘अमुक क्रमांकाची तबकडी घाला.’ त्याच वर्षांत उबुंटू या नव्या प्रणालीने तर जगभर कोणाच्याही पत्त्यावर फुकट सीडी पाठवण्याची योजना चालवली. दूरदेशीचे तिकीट लावलेले ते पाकीट भोपाळच्या टपालवाल्यालाही परिचयाचे झाले. एप्रिल २०११ मध्ये ही योजना बंद झाली. तेव्हा कोणाला विशेष वाईट वाटले नाही. ब्रॉडबँड आले होते. पाकिटाची वाट कशाला पाहायची?

कब्जा सरकला तो याच सुमारास, आणि तो कोणी बळकावला असे म्हणता येत नाही. सोयीच्या मागोमाग तो आपणहून गेला. डेबियनमध्ये १९९९ च्या आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ नावाचे साधन आले. एका आज्ञावलीला दुसरी लागते, तिला तिसरी. ही साखळी ॲप्ट स्वतः शोधून पुरी करते. ते सीडीवरूनही काम करी आणि दूरच्या भांडारावरूनही. भांडार ताजे असे, सुरक्षिततेतील भोके तेथे लगेच बुजवली जात, आणि तबकडी दुसऱ्याच महिन्यात शिळी होई. हा लाभ खोटा नाही. जाळ्यात असलेला संगणक जुन्या तबकडीच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे, हे कोणीही जाणकार सांगेल. पण हळूहळू तबकडी ही प्रणालीची प्रत न राहता भांडाराच्या दाराची किल्ली झाली. थोडासा गाभा तिच्यावर, बाकी सारे जोडणी झाल्यावर. कित्येक लॅपटॉपांत तर असा पेच पडे, की बिनतारी जोडणीचा भाग चालवणारी फाइल तबकडीवर नाही, कारण ती मुक्त नाही. ती आणायची तर जोडणी हवी. आणि जोडणीसाठी तीच फाइल हवी. डेबियनने २०२२ च्या मतदानानंतर आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत अशा फाइली स्थापनेच्या संचातच देऊन हा पेच सोडवला.

परवान्यातही हा बदल उमटला. जून २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने, वस्तूच्या रूपाने आज्ञावली देणाऱ्यालाही मूळ संहिता तबकडीवर न पाठवता जाळ्यावरील ठिकाणाहून विनामूल्य उतरवू देण्याची मुभा दिली. काळाला धरूनच ते होते. २०२२ च्या एप्रिलमधील उबुंटूच्या आवृत्तीत फायरफॉक्स हा न्याहाळक ‘स्नॅप’ या नव्या पद्धतीने आला, आणि स्नॅपचे मध्यवर्ती भांडार एकाच कंपनीच्या हाती आहे. प्रणाली मुक्त, न्याहाळक मुक्त, पण दोहोंमधला दरवाजा एका कंपनीच्या अंगणात उघडतो.

तुलनेसाठी बंदिस्त आज्ञावलींकडे पाहावे. २००१ च्या विंडोज एक्सपीला स्थापनेनंतर जाळ्यावरून वा दूरध्वनीवरून मान्यता घ्यावी लागे. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवून त्या वर्गणीवर देणे सुरू केले. २०२१ च्या विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती प्रथम सुरू करतानाच जोडणी आणि खाते मागते. तेथे हक्क आधीच तोकडा होता, आता कब्जाही गेला. मुक्त आज्ञावलीत हक्क शाबूत आहे. हा फरक लहान नाही, पण हक्क शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानणेही बरे नाही.

कारण तार तुटते. आपल्या प्रदेशाने हे फार लवकर अनुभवले. पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या भूमीत, धार जिल्ह्यात, जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ ही योजना सुरू झाली. गावातल्या केंद्रावर खसऱ्याची नक्कल आणि मंडीचे भाव मिळावेत हा तिचा हेतू. त्याच वर्षी तिला स्टॉकहोमचा जागतिक सन्मान मिळाला. पण वीज आणि दूरध्वनीची जोडणी, या दोन गोष्टींनी तिला सतत छळले. पुढे काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून जाळे बंद झाले. २०२० च्या आरंभी संथ जोडणी परत आली, पण वेगवान मोबाइल सेवा सर्वत्र परत येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडले. दीड वर्ष. या दीड वर्षात तेथील विद्यार्थ्याच्या संगणकावरील परवान्याचा एकही शब्द बदललेला नव्हता. पण नवी आज्ञावली घेण्याचा त्याचा हक्क त्या काळात फार तर कागदावर होता.

लहान प्रमाणावर हेच बिट्टन मार्केटजवळच्या, हौशी मंडळींनी चालवलेल्या एका मराठी वाचनालयात पाहिले. २००८ च्या सुमारास कोणीतरी दिलेल्या जुन्या संगणकावर डेबियनच्या चौदा तबकड्यांतून सारे उभे राहिले : मराठी टंक, तक्त्याची आज्ञावली, पुस्तकांची यादी. त्या खोलीत दूरध्वनीची तारही नव्हती. तेथील वृद्ध ग्रंथपालबाई तबकड्यांवर हळदीकुंकू लावून त्या पुस्तकांच्या कपाटातच ठेवीत. काही वर्षांपूर्वी संगणक बदलला. नवी प्रणालीही मुक्तच होती, पण यादी आता दूरच्या सेवेवर गेली आणि मुद्रक चालवणारी आज्ञावलीही जाळ्यावरून यायची होती. पावसाळ्यात रस्ता खणताना केबल तुटली. आठ दिवस कोणते पुस्तक कोणाकडे आहे हे कोणालाही सांगता आले नाही. बाईंनी शांतपणे जुनी वही काढली. त्यांच्या दृष्टीने यादी म्हणजे जी कपाटात असते ती.

त्यांचे हे मत आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला धरूनच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होता होता पाठ बिघडत गेला, ही तक्रार खरी होती; पण नकला होत्या म्हणून तर तो ग्रंथ तीन शतके टिकून पैठणपर्यंत पोहोचला. ज्याच्या घरी पोथी, तो वाचक, तोच नकलकार आणि तोच राखणदार. नक्कल करण्याचे, अभ्यासण्याचे आणि सुधारून पुढे देण्याचे स्वातंत्र्य स्टॉलमन यांनी मागितले, ते या परंपरेला नवीन नव्हते. पण ग्रंथ एकाच मठात ठेवून सगळ्यांनी रोज तेथे जाऊन वाचावा असे ठरले असते, तर मठाला लागलेली एक आग पुरली असती.

अशी आग मुक्त आज्ञावलीला लागावीच असे नाही, कारण कब्जा परत घेण्याची वाट आजही खुली आहे, आणि येथेच हक्काचे मोल कळते. बंदिस्त आज्ञावलीचे भांडार कोणी घरी उतरवून ठेवू लागला तर तो गुन्हा ठरेल. डेबियनचे संपूर्ण भांडार उतरवून ठेवणे मात्र कायदेशीर आहे, आणि त्याची प्रत शेजाऱ्याला देणेही. बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक संच आहेत. एका प्रकारच्या संगणकासाठी लागणारे हे सारे, बाजारात सहज मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मावते. त्या डिस्कलाच भांडार समजून ॲप्ट तिच्यावरून काम करते. जुन्या आवृत्त्या कालांतराने मुख्य भांडारातून उठून अभिलेखागारात जातात आणि जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्याला काही सापडत नाही. ज्याच्याकडे प्रत आहे त्याला हा प्रश्न पडत नाही.

यासाठी प्रत्येकाने तज्ज्ञ होण्याची गरज नाही. एका गावात एक शाळा, एका वसाहतीत एक वाचनालय, वर्षातून एकदा अशी प्रत ताजी करून कपाटात ठेवू लागले तरी पुरे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांना हे काम परके वाटू नये. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, भोपाळ येथील आपल्या लोकांनी छापखाने दूर असताना पुस्तके जपली ती याच वृत्तीने. पुणे-मुंबईशी संबंध कायम ठेवावा, पण संग्रह आपल्या गावात असावा.

जमिनीच्या कायद्यात एक कठोर नियम आहे. खाजगी जमिनीवर दुसऱ्याने उघड, अखंड आणि विरोधी कब्जा बारा वर्षे ठेवला आणि मूळ मालक स्वस्थ राहिला, तर मालकाची दाव्याची मुदत संपते आणि हक्कही विझतो. उबुंटूची शेवटची पाकिटे २०११ साली निघाली; तेव्हापासून मोजले तर २०२३ मध्येच बारा वर्षे भरली. सुदैवाने मुक्त परवान्याला मुदतीचा कायदा लागू नाही. तेथील भूमिस्वामी कितीही वर्षे झोपला तरी त्याचे नाव खसऱ्यातून खोडले जात नाही. शेतात पुन्हा नांगर घालण्याची त्याला केव्हाही मुभा आहे. फक्त नांगर कसा धरतात हे आठवणारी माणसे गावात शिल्लक आहेत तोवर ते केलेले बरे.